विकत घेतलं, पण आपलं झालं का?

'विकत घेणे' या क्रियापदाचा अर्थ आपल्या पिढीला बहुतेक नव्यानं शिकावा लागणार, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

टीव्हीला जोडायचे ते व्हिडिओ गेम आठवतात? त्यांच्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं धडधडीत खोटं छापलेलं, आत मोजून सात-आठ खेळ. चालली नाही की फुंकर मारायची, परत खोचायची. पण काहीही म्हणा, ती कॅसेट आपली होती. मित्राला द्या, विकून टाका, नाहीतर वीस वर्षांनी माळ्यावरून काढा. मधल्या काळात कंपनी बुडाली असली तरी मारिओला त्याचं सोयरसुतक नव्हतं!

आता 'द क्रू' घ्या. युबिसॉफ्टचा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी इंटरनेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क चहाचा कप ठेवायच्या लायकीची उरली. यावर रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. युरोपियन युनियनकडे केलेल्या तिच्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या.

एका गेमसाठी एवढा गहजब? ठीक आहे, गेम गेला तर गेला. पण तीच कल्पना आता चार चाकांवर आपल्या दारात येतेय, त्याचं काय?

२०१७ मध्ये फ्लोरिडावर 'इर्मा' चक्रीवादळ आलं, तेव्हा टेस्लानं काही गाड्यांची रेंज दुरूनच तात्पुरती वाढवून दिली. केवढं कौतुक झालं! माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळला. म्हणजे जास्तीची बॅटरी गाडीत आधीपासून होती, मालक तिचं वजन रोज वाहत होता, फक्त कुलूप सॉफ्टवेअरचं होतं. पुढे २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनं काही देशांत सीट गरम करायच्या सोयीला चक्क महिन्याचं भाडं लावलं. लोक भडकले आणि २०२३ मध्ये कंपनीला तो नाद सोडावा लागला. फिस्करची गोष्ट तर आणखी बोलकी. ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि गाड्या चालू ठेवायला मालकांनाच संघटना उभारावी लागली. घरासाठी सोसायटी असते, आता गाडीसाठीही! :-)

गैरसमज नको. इलेक्ट्रिक गाड्यांशी माझं वैर नाही. नव्या पेट्रोल गाड्याही सॉफ्टवेअरनं भरलेल्या आहेतच. आणि सर्व्हर फुकट चालत नाहीत, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. ते कायमचे चालवा, असं म्हणणं वेडेपणाच. पण खरी मेख अशी की आम्ही लोक सॉफ्टवेअर सुरू कसं करायचं याची शंभर पानं लिहितो, आणि बंद करताना ग्राहकाच्या हातात काय उरेल यावर एक ओळही नाही. ते अशक्य आहे म्हणून नव्हे, कुणी मागत नाही म्हणून! बोंबाबोंब झाल्यावर २०२४ मध्ये युबिसॉफ्टनंच 'द क्रू २' ला ऑफलाइन मोड देऊ म्हणून जाहीर केलं की. म्हणजे जमतं.

निदान शब्द तरी खरे वापरा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून तसा कायदा आहे: डिजिटल वस्तूचा फक्त परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असं बटण दाखवता येत नाही. साधी, सरळ गोष्ट.

आपण शोरूममध्ये काय विचारतो? रेंज किती, चार्जर घरी बसवून मिळेल का, डिक्की केवढी. पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारा: "तुमचा सर्व्हर कायमचा बंद पडला, तर या गाडीतलं काय काय चालू राहील?" सेल्समन गोंधळेल, मॅनेजरला बोलावेल. बोलावू दे. उत्तर लेखी मागा. दहा-पंधरा लाख मोजताना एवढा चिकटपणा करायला काही हरकत नाही.