मामांचे दोन मार्क

बँकेतल्या नोकरीत मी पुष्कळ कर्जं मंजूर केली, काही नामंजूरही केली. नामंजूर केलेल्यांपैकी कुणाची आठवण येऊन रात्रीची झोप उडाली, असं सहसा झालं नाही. पण एका माणसाला मी दोन मार्क कमी दिले होते. ते दोन मार्क आज निवृत्तीनंतरही माझ्या नावे पडलेले आहेत.

गोष्ट 1993 सालची. मी तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात होतो. शिपाई, दफ्तरी अशा मंडळींना लिपिकपदी बढती देण्यासाठी आमच्याकडे लेखी परीक्षा होत असे. त्यातला इंग्रजीचा पेपर काढायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की मी कादंबऱ्या लिहितो हे वरिष्ठांच्या कानावर गेलं होतं. कादंबऱ्या मराठीत होत्या आणि पेपर इंग्रजीचा होता, पण ‘लिहिणारा माणूस’ म्हटल्यावर एवढ्या तपशिलात कोण जातो?

मीही खूश होतो. घरी येऊन शाळेतलं ‘रेन अँड मार्टिन’ माळ्यावरून काढलं, धूळ झटकली आणि झोकात पेपर तयार केला. गाळलेल्या जागा भरा, वाक्यातली चूक ओळखा, समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द. शेवटी एक उतारा आणि त्याखाली पाच प्रश्न. उतारा होता इंग्लंडमधल्या वसंत ऋतूवर. पेपर शंभर मार्कांचा आणि पास व्हायला चाळीस.

परीक्षेला बसलेल्यांत आमच्याच इमारतीतले एक दफ्तरी होते. सगळे त्यांना मामा म्हणत, तेव्हा इथंही मामाच म्हणतो. रेकॉर्ड रूम त्यांच्या ताब्यात होती. मुख्य कचेरीकडून येणारी परिपत्रकं बहुतेक इंग्रजीत असत. ती विषयवार लावायची, मागितलं की काढून द्यायचं, हे त्यांचं काम. पीककर्जाच्या मर्यादेचं परिपत्रक मागवलं की मामा ते आणून देत आणि वर सांगत, “साहेब, हे घेऊ नका, यावर नवीन आलंय. जुनं रद्द केलंय.” म्हणजे नव्या कागदात ‘सुपरसीड’ हा शब्द कुठं आहे आणि तो काय करतो, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्यातल्या दोन-तीन पदवीधर अधिकाऱ्यांना ते मामांनी सांगितल्यावर कळत असे.

मामांना अडतीस मार्क पडले.

निकालानंतर ते माझ्या टेबलाशी आले. तक्रार नव्हती. “साहेब, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा,” म्हणाले. मी पेपर काढला. एका वाक्यात ‘सिन्स’ की ‘फॉर’ असा पर्याय होता. ‘मी इथं अठरा वर्षं काम करतो आहे’ अशा अर्थाचं वाक्य. मामांनी ‘सिन्स’ लिहिलं होतं. मी समजावलं, की नेमकं साल असेल तर ‘सिन्स’, कालावधी असेल तर ‘फॉर’. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण साहेब, आपल्यात दोन्हीकडं ‘पासून’च की. पंच्याहत्तरपासून काम करतोय, आन् अठरा वर्षांपासून काम करतोय.”

मी गप्प बसलो. मराठीत लिहिणारा मी, पण माझ्या भाषेतली ही साधी गोष्ट मला त्या दफ्तऱ्यानं दाखवली होती. मामांची चूक अज्ञानाची नव्हती. मराठी नीट येत असल्यामुळे झालेली ती चूक होती. तरी नियम तो नियम. मामा पुढं दफ्तरी म्हणूनच निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर मी घराजवळच्या वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. रिक्षावाले येतात, सोसायट्यांचे रखवालदार येतात, शिवणकाम करणाऱ्या बायका येतात, सुनेसमोर आणि नातवंडांसमोर अडायला नको म्हणून आलेल्या आजीही आहेत. वर्ग सुरू करताना पहिला प्रश्न पडला तो परीक्षेचा. यांना कितपत येतं, हे कळणार कसं? जुना पेपर आठवला आणि पोटात कालवलं. मग मी या विषयाच्या मागेच लागलो.

असं दिसलं, की मोठ्या माणसांची इंग्रजीची परीक्षा हा प्रकार पहिल्यापासूनच कडक आहे. परदेशी शाळांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी केंब्रिज विद्यापीठानं 1913 मध्ये प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. भाषांतर, व्याकरण, निबंध, वाङ्मय, उच्चारशास्त्र असं सगळं मिळून सुमारे बारा तासांचं काम. पहिल्या वर्षी बसले तिघे आणि तिघेही नापास झाले. मामांना हे सांगता आलं असतं तर थोडं बरं वाटलं असतं.

अशा कडक परीक्षेचं एक काम असतं, ते म्हणजे चाळणीचं. जागा दहा आणि अर्ज दहा हजार असले, की चाळणी लागतेच. आज सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची पूर्वपरीक्षा पाहा. इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे, चुकलं की पाव मार्क वजा. बाकीचे विषय मराठीसह 13 प्रादेशिक भाषांतून देता यावेत, असा निर्णय 2021 मध्ये झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण लाखो मुलांच्या परीक्षेत उत्तरं यंत्रानं तपासावी लागतात आणि यंत्राला हो-नाही एवढंच कळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चाळणीचंच मापटं करण्याबद्दल. कुणाला बाजूला काढायचं यासाठी बनवलेलं साधन घेऊन, या माणसाला किती येतं, हे मोजायला आपण बसतो. मीही तेच केलं होतं.

आधी शब्दांचं पाहू. माझ्या पेपरात वसंतातल्या फुलांची नावं होती, ‘मेडो’ होतं, ‘ब्रुक’ होतं. लेजर, व्हाउचर, क्लिअरिंग, ओव्हरड्राफ्ट, मॉर्गेज यांतलं एकही नव्हतं. मामांच्या जवळचे जे शब्द होते ते मी विचारलेच नाहीत. कुठले शब्द आधी, याचा विचार फार पूर्वी आपल्याच उपखंडात झाला होता. ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करणारे मायकेल वेस्ट यांनी 1926 मध्ये बंगालमधल्या द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिलं. बरीच मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात, तेव्हा त्यांच्या हाती काय उरणार, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर होतं वाचन. म्हणून वाचन आधी आणि तेही मोजक्या, पुन्हापुन्हा भेटणाऱ्या शब्दांत. पुढं 1953 मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. मराठी माणूस इंग्रजी शिकायला येतो तो शेकडो इंग्रजी शब्द खिशात घेऊनच, फक्त त्यांतले काही इथं येऊन बदललेले असतात. आपण ‘हॉटेलात’ मिसळ खातो, मुक्काम करत नाही. आपल्याकडे ‘लाइट’ जाते, म्हणजे वीज जाते. अशा माणसाला हा शब्द येतो की येत नाही? अर्धा येतो. त्याला पूर्ण चूक देण्यापेक्षा राहिलेला अर्धा दाखवणं सोपं आणि फायद्याचं आहे.

मग व्याकरण. व्याकरण नकोच, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण चुका दोन जातींच्या असतात. एक कानाला टोचते आणि दुसरी अर्थ बुडवते. ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ आलं, ‘अ’ आणि ‘द’ची अदलाबदल झाली (मराठीत ही उपपदं नाहीतच), तर ऐकणारा नाक मुरडेल, पण त्याला कळेल. ‘अनलेस’, ‘अन्टिल’, ‘नॉट मोअर दॅन’, ‘व्हिचेव्हर इज अर्लिअर’ यांचं तसं नाही. माझ्या वर्गात एक बाई आहेत, आजारी म्हाताऱ्यांची घरी राहून सेवा करतात. औषधाच्या कागदावर ‘नॉट मोअर दॅन टू टॅब्लेट्स अ डे’ असं होतं. त्यांना ‘मोअर’ येत होतं, ‘टू’ येत होतं. सुरुवातीचं ‘नॉट’ त्यांनी पाहिलं, पण ते कशाला लागतं हे उमगलं नाही. त्यांनी अर्थ सांगितला, “दोनपेक्षा जास्त द्यायच्या.” मोठ्या माणसाच्या व्याकरणाची परीक्षा घ्यायची तर इथं घ्यावी. इथली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

बँकेतलंच उदाहरण देतो, कारण ते घराघरात लागू आहे. जोड खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलेलं असेल, तर दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल, तर पहिलं नाव ज्याचं तो हयात असेपर्यंत त्यानंच काढायचे. फरक एका शब्दाचा आहे. नवरा अतिदक्षता विभागात आणि बायको काउंटरसमोर, अशा बायकांना मी स्वतः नाही म्हटलेलं आहे, कारण खात्यावर ‘फॉर्मर’ होतं. सही दोघांनी केलेली, कागद दोघांनीही वाचलेला नाही. ग्राहकांसाठीचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावेत, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. पण अर्जाबाहेरची जी बारीक अक्षरं, ती बहुधा इंग्रजीतच भेटतात. आता तर मोबाइलवर ‘तुमचं खातं बंद होणार’ असा इंग्रजी संदेश येतो आणि घाबरून माणूस बोट लावतो.

वाचनाची परीक्षा म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवणं, हा आपल्याकडचा आणखी एक जुना समज. वर्गात एक गृहस्थ खणखणीत इंग्रजी वाचतात. अर्थ विचारला की हसतात. त्यांच्या शेजारच्या आजी ‘प्रिस्क्रिप्शन’ शब्दाशी तीनदा अडखळतात, पण कागदात काय लिहिलंय ते अचूक सांगतात. यांतलं वाचन कुणाला येतं? म्हणून आता मी उतारा इंग्रजीत देतो आणि प्रश्न मराठीत विचारतो, उत्तरही मराठीतच घेतो. इंग्रजीत उत्तर मागितलं, तर कळलं नाही की सांगता आलं नाही, याचा पत्ताच लागत नाही. परदेशी स्थायिक होऊ पाहणारे आपले अनेक तरुण आयईएलटीएस ही परीक्षा देतात. 1989 मध्ये ती सध्याच्या नावानं सुरू झाली. तिचा एक प्रकार सर्वसाधारण कामासाठी जाणाऱ्यांचा आहे. त्यातल्या वाचनाच्या भागात जाहिराती, सूचना, कामाच्या ठिकाणची पत्रकं असतात. वसंत ऋतू नसतो. आणि काही प्रश्नांना तीन उत्तरं असतात, ‘बरोबर’, ‘चूक’ आणि ‘उताऱ्यात सांगितलेलं नाही’. हे तिसरं उत्तर मला फार आवडतं. कागदात जे नाही ते नाही, हे ओळखता आलं, तर माणसाची निम्मी फसवणूक टळेल.

ज्या शोधानं माझे डोळे उघडले, तो शेवटी सांगतो. उताऱ्यातले ठरावीक अंतरानं शब्द गाळायचे आणि संदर्भावरून भरायला लावायचे, ही पद्धत सगळ्या स्पर्धा परीक्षांत आता रुळली आहे. मुलं तिला ‘क्लोज टेस्ट’ म्हणतात. ती विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकानं 1953 मध्ये मांडली, वेस्टची यादी आली त्याच वर्षी. पण त्यानं ती मांडली होती मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे, हे मोजण्यासाठी! गाळलेले शब्द वाचकांना भरता आले नाहीत, तर मजकूर अवघड, असा तो हिशेब होता. परीक्षा कागदाची होती. नंतर आपण ती माणसाची केली.

मला वाटतं, दोन्ही कराव्यात. मोठ्या माणसाला परीक्षेला बसवायचं असेल, तर ज्या कागदाशी त्याची रोज गाठ पडते तोच त्याच्यापुढं ठेवावा. आणि दहापैकी आठ जण त्यात अडले, तर नापास तो कागद समजावा. मूल पुढच्या आयुष्यासाठी परीक्षा देतं. मोठ्या माणसाचं आयुष्य आधीच चालू असतं. संसार चालवलेला, मुलं वाढवलेली, चारचौघांत मान असलेली व्यक्ती इंग्रजीच्या पेपरसमोर बसते तेव्हा पाच मिनिटांत पुन्हा दुसरीतली होते. तिची लाल शाईनं बेरीज करताना हात थोडा जड व्हायला हवा.

आज रविवार आहे. घरात आई असेल, काका असतील, कामाला येणाऱ्या मावशी असतील. औषधाची एक पट्टी किंवा बँकेचं एखादं पत्र त्यांच्या हाती द्या आणि मराठीत विचारा, “यात काय लिहिलंय?” उच्चार दुरुस्त करू नका. अडतील तिथं थांबा. कदाचित तुम्हीही तिथंच अडाल.

मामांच्या पेपरात मी आणखी दोन मार्क देऊ शकलो असतो का? नियमानं नाही. पण तो पेपर मी काढलेला होता. त्यांच्या रेकॉर्ड रूममधलं एखादं परिपत्रक उतारा म्हणून छापायला मला कुणीही अडवलं नव्हतं.