‘याचा उपयोग काय?’

ज्ञानाच्या प्रत्येक दारात आजकाल एक द्वारपाल उभा असलेला दिसतो. ‘याचा उपयोग काय?’ हा त्याचा एकच प्रश्न. विद्यार्थी तो विचारतात, पालक विचारतात, संशोधनासाठी द्रव्य देणारेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु तो सर्वांआधी विचारला जावा, हे आम्हांस मान्य नाही. का, ते एका अतिसूक्ष्म वस्तूच्या उदाहरणाने सांगतो.

आपल्या शरीरातील पुष्कळ पेशींवर केसासारखा एक बारीक तंतू असतो. त्यास पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. श्वासनलिकेतील पक्ष्माभिका हलतात आणि कफ वर लोटतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. परंतु कित्येक पेशींवर एकच, न हलणारी पक्ष्माभिका असते. १८९८ साली झिमरमान या शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले; तरीही पुढे अनेक दशके तिला निरुपयोगी अवशेष समजून बाजूस सारण्यात आले. उपयोग ठाऊक नाही म्हणून उपयोगच नाही, असा हा न्याय! वस्तुतः ती पेशीचे ज्ञानेंद्रिय होय. नाकात गंध टिपला जातो तो पक्ष्माभिकांवरच; आणि डोळ्यात प्रकाश टिपणारा दंडपेशीचा भाग हीदेखील रूपांतर पावलेली पक्ष्माभिकाच आहे.

या तंतूत प्रथिने तयार होत नाहीत. ती पेशीच्या मुख्य भागात घडतात आणि तेथून टोकापर्यंत पोहोचवावी लागतात. ही ने-आण कशी होते? १९९३ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात कीथ कोझमिन्स्की, जोएल रोझेनबाउम आणि त्यांचे सहकारी क्लॅमिडोमोनस या एकपेशीय हिरव्या शैवलाच्या कशाभिका सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. कशाभिकेची अंतर्रचना पक्ष्माभिकेसारखीच असते. कशाभिका स्थिर असतानाही तिच्यात बारीक कण दोन्ही दिशांनी धावताना त्यांना दिसले. टोकाकडे जाताना सेकंदाला सुमारे २ मायक्रॉन आणि परतताना सुमारे ३.५ मायक्रॉन, असा त्यांचा वेग होता. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आत सूक्ष्मनलिकांच्या ९ जोड्या लोहमार्गासारख्या पसरलेल्या असतात. कायनेसिन नावाचे प्रथिन माल टोकाकडे ओढून नेते आणि डायनीन तो परत आणते. सर्वच प्रथिने अशा वाहनाने जातात असे मात्र नव्हे. काही पटलात इकडेतिकडे तरंगत आपली जागा गाठतात. १९९९ साली एका पारदर्शक कृमीच्या संवेदी पक्ष्माभिकांतही ही वाहतूक जिवंतपणी पाहण्यात आली. प्रथिनांना चमकणारे प्रथिन जोडल्यामुळे ती दिव्यांसारखी सरकताना दिसली.

मग २००० साली एक विलक्षण गोष्ट उघड झाली. शैवलातील या वाहतुकीस आवश्यक असलेले एक जनुक उंदरात पूर्वीच परिचित होते. ते बिघडले, की उंदराच्या मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी होत. अशा उंदरांच्या मूत्रपिंडातील पक्ष्माभिका खुरटलेल्या आढळल्या. ज्यास अवशेष म्हटले होते, त्याच्याच बिघाडाने मूत्रपिंड निकामी होत होते! माणसातील मूत्रपिंडाचे, अंधत्वाचे आणि इतर काही आनुवंशिक रोग याच तंतूशी निगडित असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्या सर्वांवर औषध सापडले असे नाही. पण रोगाचे मूळ कोठे शोधावे, हे तरी कळले.

तळ्यातील शैवलाकडे पाहणाऱ्यांना प्रथमच ‘उपयोग काय?’ असे विचारले असते, तर त्यांनी मूत्रपिंडाचे नाव खचितच घेतले नसते. असल्या जिज्ञासेची चैन गरिबास परवडत नाही, असे कोणी म्हणेल. भुकेल्यास आधी अन्न हवे, हे आम्हीही मानतो. परंतु उद्याचे औषध ज्या निरीक्षणातून निघणार आहे, ते आजच बंद पाडणे ही काटकसर नव्हे. ते बियाणे खाऊन टाकणे होय.

म्हणून शाळांनी आठवड्यातील एक तास तरी परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नांसाठी राखावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा आणि जे दिसेल ते मुलांना वहीत काढू द्यावे. त्यास गुण नसावेत. आणि घरी गेल्यावर मूल ती वही उत्साहाने दाखवू लागेल, तेव्हा पालकांनी उपयोग विचारण्याआधी एवढेच विचारावे: ‘तुला काय काय दिसले?’