गाडीने उडवलं, पुढे काय?

शनिवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या पहाटे पाच, नाशिक फाटा. शिवनेरी!’ आणि पाच दिवस एसीत बसून कंबर आखडलेली मंडळी खडबडून जागी होतात. टायरमध्ये हवा, बाटलीत इलेक्ट्रॉल, खिशात चिक्की. पुण्याहून नारायणगाव साधारण पंचाहत्तर किलोमीटर, तिथून डावीकडे वळलं की जुन्नर. ज्यांना तेवढं झेपत नाही ते मंचरला मिसळ हाणून परत फिरतात. ज्यांना जास्तच झेपतं ते घोडेगाव-डिंभे करत भीमाशंकरकडे चढतात. रस्ता सुंदर आहे, वादच नाही.

जुन्नरला जायचं म्हटलं की घरचे बिबट्याची भीती घालतात. बिबट्या हा तिथल्या लोकांसाठी चेष्टेचा विषय नाही, तेव्हा अंधारात उसाच्या कडेने सायकल हाणू नकाच. पण आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांना खरी भीती चार पायांची नाही, चार चाकांची आहे. जून 2024 मध्ये याच हायवेवर, मंचरजवळ एकलहरे इथे, 19 वर्षांचा एक मोटरसायकलवाला मुलगा कारच्या धडकेत गेला. त्याच्या चार महिने आधी, 28 फेब्रुवारी 2024 ला नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर अवतार सैनी गेले. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, पेंटियम चिपवर काम केलेला माणूस, वय 68. पहाटे दोस्तांबरोबर सायकल चालवत होते, मागून कॅबने उडवलं. एकटे नव्हते, नवखेही नव्हते. म्हणजे ‘आपण नीट चालवली तर आपल्याला काही होत नाही’ हा आपला आवडता फंडा तिथेच निकालात निघतो.

दोन आठवड्यांपूर्वी याच पानावर हेल्मेटबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी मेल करून विचारलं, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण लागलीच गाडी तर करायचं काय?’ रास्त प्रश्न आहे. कारवाल्याला निदान इन्शुरन्स कंपनीचा नंबर पाठ असतो. सायकलवाल्याकडे ना आरसी, ना पॉलिसी, ना लायसन्स. त्यामुळे आपल्याला काही हक्कच नाहीत असं त्याचं त्यालाच वाटत राहतं. उलट आहे, बॉस. सायकलला इन्शुरन्स लागतच नाही. ज्या गाडीने उडवलं तिच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधला ‘थर्ड पार्टी’ म्हणजे तुम्हीच! पैसे त्या कंपनीने द्यायचे. गाडीचा इन्शुरन्स संपलेला असेल तर मालकाने.

पण ते पुढचं. आधी रस्त्यातून बाजूला व्हा. हसू नका, पडल्यावर माणूस पहिल्यांदा सायकलकडे बघतो. डिरेलर वाकला का, रंग उडाला का! मागून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर येत असतो आणि त्याला ब्रेक लावायची सवय नसते. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की या रस्त्यांवर अशा ट्रॉल्यांची रांग असते, पुष्कळशा मागच्या दिव्याशिवाय. तेव्हा चालता येत असेल तर आधी साइडपट्टीच्या पलीकडे जा. चालता येत नसेल, मान-पाठ दुखत असेल, तर हलू नका आणि हलवूही देऊ नका. इतरांनी गाड्या थांबवाव्यात. जमलेल्यांपैकी कोणीतरी प्रेमाने पाणी पाजायला येतंच आणि कोणीतरी हेल्मेट ओढायला लागतं. दोघांनाही हात जोडून थांबवा. मग फोन. अँब्युलन्ससाठी 108, पोलिसांसाठी 112.

आता खरा घोळ इथून पुढे. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण, हिंजवडीत नोकरी करते. नारायणगावहून खोडदच्या दुर्बिणी बघायला निघालेली. मागून आलेल्या पांढऱ्या कारने कट मारला, आरसा हँडलला लागला आणि ही थेट खडीत. दोन मिनिटांत वीसेक माणसं जमली. कारवाला सज्जन होता, खाली उतरला, ‘सॉरी ताई’ म्हणाला, खिशातून दोन हजार काढले. गर्दीतले एक आजोबा म्हणाले, ‘पोरी, मिटवून टाक, कुठं पोलीस स्टेशनच्या फेऱ्या मारतीस!’ आणि हिने, खरचटलेलं कोपर झटकत, पुण्याच्या माणसाला शोभेल असं उत्तर दिलं, ‘नाही नाही, मला काहीच झालेलं नाही, आय अॅम फाइन.’ कारवाल्याच्या दोस्ताने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. दोन हजार तिने घेतले नाहीत, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ब्रशही धरता येईना. कॉलरबोनला क्रॅक. सहा आठवडे हात गळ्यात.

सायकलवरून पडणाऱ्यांचं हे हाड मोडणं इतकं कॉमन आहे की ऑर्थोपेडिकवाले आपल्याला बघूनच ओळखतात. धडकेनंतर शरीरात अॅड्रेनालिन इतकं धावत असतं की तासभर दुखतच नाही. डोक्याचं तर त्याहून बेरकी प्रकरण. पडल्यावर टवटवीत दिसणारा माणूस संध्याकाळी उलट्या करायला लागतो, झोपेत जातो, तेच तेच प्रश्न विचारतो. असं पहिल्या एक-दोन दिवसांत कधीही होऊ शकतं आणि झालं तर रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटल गाठायचं. म्हणून रस्त्यावर ‘मला काही झालं नाही’ हे वाक्य बोलायचंच नाही. सभ्यपणा म्हणूनही नाही. ‘डॉक्टर बघतील मग सांगते’ इतकंच बोला. चूक कोणाची यावरही तिथे कीर्तन नको. आणि कोणी वहीच्या पानावर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून सही मागितली, तर हात दुखतोय म्हणा.

मैत्रिणीची केस वाचली ती एका पिकअपवाल्यामुळे. टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या मार्केटला चाललेला हा मुलगा थांबला. कोणी न सांगता त्याने कारचा नंबर, पडलेली सायकल आणि रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा यांचे फोटो काढले, हिला गाडीत घातलं आणि आपला मोबाइल नंबरही दिला. त्याला यात कसलीही भीती बाळगायचं कारण नव्हतं. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलंय आणि 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलंय. पोलीस त्याला साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, हॉस्पिटल त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. गावाकडच्या माणसाला हे सांगा, तो चार पावलं जास्तच येईल.

त्याने काढले तेच फोटो तुम्हीही काढायचे, किंवा ग्रुपमधल्या कोणाला तरी काढायला लावायचे. नंबर प्लेट, ड्रायव्हरचा चेहरा, गाडीला कुठे घासलंय ते, तुमची सायकल जिथे पडली तिथेच, आणि मागे एखादी पाटी किंवा किलोमीटरचा दगड. आजूबाजूचा पेट्रोल पंप, ढाबा, कृषी सेवा केंद्र यांच्यावर कॅमेरा दिसतोय का बघा, कारण ते फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकला की तिचा इन्शुरन्स चालू आहे की नाही तेही कळतं.

मग हॉस्पिटल. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, नारायणगाव, जुन्नर आणि घोडेगावला ग्रामीण रुग्णालयं. ‘पुण्यात जाऊन आपल्या डॉक्टरला दाखवू’ हा मोह सगळ्यांना होतो. जरूर दाखवा, पण त्याआधी जवळच्या ठिकाणी तपासून घ्या आणि अपघात आहे हे स्पष्ट सांगा. म्हणजे एमएलसी, मेडिको लीगल केस, नोंदली जाते. त्या कागदावरची वेळ पुढे फार कामाला येते. ‘घरी जिन्यावरून पडला असाल’ हा समोरच्या वकिलाचा लाडका डायलॉग आहे, त्याला उत्तर म्हणजे ती वेळ. आधी पोलीस मग उपचार असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, तो मुद्दा सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच संपवलाय.

खर्चाचं सांगतो, कारण हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही. मे 2025 पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना आहे. मोटार वाहनामुळे अपघात झालेल्या कोणालाही, म्हणजे सायकलवाल्यालाही, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. योजनेतलं हॉस्पिटल हवं, एवढी अट. अॅडमिशनच्या काउंटरवर स्वतःहून विचारा, तिथे कोणी आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

पोलीस स्टेशनचं नाव काढलं की आपला चेहरा पडतो. कोणाची हद्द? मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूर, आळेफाटा, घोडेगाव, प्रत्येकाचं वेगळं. कुठल्या गावाच्या शिवारात पडलात हे तुम्हाला कसं कळणार? कळायची गरज नाही. जुलै 2024 पासून सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे पुण्यात परत आल्यावर जवळच्या पोलीस स्टेशनातही देता येते. ऑनलाइन पाठवलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. नाहीच लिहून घेतली, तर पुणे ग्रामीणच्या एसपींना पोस्टाने लेखी पाठवा. आणि सांगताना ‘अॅक्सिडेंट झाला’ इतकंच नको. गाडी कुठल्या बाजूने आली, तुम्ही किती डावीकडे होतात, दिवे लावले होते का, सगळं लिहा. राँग साइडने किंवा अंधारात बिनदिव्याचे असाल तर भरपाई कापली जाते, हेही लक्षात असू द्या.

भरपाई मिळते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अर्ज अपघात झाला तिथेच करायला हवा असं नाही, तुम्ही राहता तिथेही चालतो, म्हणजे जुन्नरला खेटे नाहीत. मुदत मात्र सहा महिने. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. औषधाची बिलं, रिक्षाच्या पावत्या, ऑफिसमधून बिनपगारी रजेचं पत्र, फिजिओथेरपीच्या चिठ्ठ्या, सगळं एका फाइलमध्ये टाका. आपण एक्सेलमध्ये आख्ख्या टीमचे खर्च मांडतो, मग स्वतःच्या मोडलेल्या हाडाचे मांडायला लाज कसली? मैत्रिणीची केस अजून चालू आहे. त्या ‘आय अॅम फाइन’च्या व्हिडिओला तोंड द्यावं लागतंय, पण पिकअपवाल्याचे फोटो आणि त्याच दुपारची एमएलसी समोर आहे.

गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही तर? तरी एफआयआर कराच. हिट अँड रनसाठी वेगळी सरकारी भरपाई आहे. गंभीर दुखापतीला 50 हजार, मृत्यूला 2 लाख. 1 एप्रिल 2022 च्या आधी हेच आकडे साडेबारा आणि पंचवीस हजार होते! अर्ज कोर्टात नाही, जिथे अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

राहिली सायकल. फोटो आणि पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला टाकू नका, दुकानदाराकडून खर्चाचं कोटेशन लेखी घ्या. कार्बनची फ्रेम असेल तर वरून चकाचक दिसली तरी आतून तडकलेली असू शकते, माहितगाराला दाखवल्याशिवाय बसायचं नाही. हेल्मेटने एकदा मार खाल्ला की ते संपलं, तडा दिसो वा न दिसो. दुसरं विकत घ्या, आणि जुनं केस संपेपर्यंत आईच्या हाताला लागणार नाही अशा माळ्यावर टाका. भंगारवाल्याला देऊन मोकळ्या होतात या बायका.