मूळ माणसं गेली, मैफल थांबलेली नाही

संपादक महोदय,


‘इंडियन ओशन’ या बँडमध्ये आता जुनं काही उरलं नाही, तेव्हा मैफलीला जाण्यापेक्षा घरी ध्वनिमुद्रण ऐकावं, हे मागील अंकातील पत्रलेखकाचं मत मला अजिबात पटलं नाही. १९९०मध्ये दिल्लीत बँड उभारणारे दोघेही आज त्यात नाहीत, हे खरं. असीम चक्रवर्ती २००९मध्ये गेले, सुस्मित सेन २०१३मध्ये बाहेर पडले. तबला वाजवता वाजवता गाणाऱ्या असीमदांची उणीव मलाही जाणवते. पण राहुल राम आणि अमित किलम यांनी नव्या साथीदारांसह बँड जिवंत ठेवला आहे.

‘मा रेवा’च घ्या. ‘कंदिसा’ (२०००) अल्बममधलं हे गाणं नर्मदाकाठच्या लोकगीतावर बेतलेलं. राहुल राम स्वतः नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेले. नर्मदा आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं मणिबेली आमच्याच अक्कलकुवा तालुक्यातलं. म्हणून हे गाणं सुरू झालं की अंगावर काटा येतो. मंचावर ते ठरलेल्या मिनिटांत मावत नाही. अमित गाबगुबी काखेत धरून तार छेडतो, श्रोते टाळ्यांनी ठेका उचलतात आणि गाणं फुलत जातं. शिवाय त्यांचा १९९७चा ‘डेझर्ट रेन’ हा अल्बमही मुळात मैफलीतच ध्वनिमुद्रित झालेला आहे!

भजनी मंडळातला मृदंगी बदलला म्हणून आपण भजनाला जाणं सोडत नाही. पत्रलेखकांनी नव्या संचाची मैफल समोर बसून ऐकावी, मगच निकाल द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
रनाळे, जि. नंदुरबार