स्मारकापुढे भाषणे पुरेत, आता व्याख्याने हवीत

१/ १३ मार्च २००३. कामावरून परतणाऱ्यांच्या गर्दीने भरलेली कर्जत लोकल मुलुंड स्थानकात शिरत असताना महिलांच्या प्रथम वर्गाच्या डब्यात स्फोट झाला. दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, कित्येक जखमी झाले. ती गाडी कल्याण ओलांडून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी पुढे जायची होती. म्हणजे ती आपली गाडी होती. हा धागा त्या दिवसाविषयी आहे, आणि त्याहून अधिक त्या दिवसानंतरच्या वर्षांविषयी.

२/ माझा आरोप असा : दहशतवादी हल्ल्यांचे स्मरण करण्याची आपली रूढ पद्धत विस्मरणालाच हातभार लावते. स्फोटाची तारीख आपण जपून ठेवतो. त्यानंतरचा तपास, खटला, नुकसानभरपाई, चुकीच्या अटका, तोकडे पुरावे, वीस-वीस वर्षांची प्रतीक्षा मात्र कुणी सांगत नाही. स्फोटाला एक क्षण पुरतो. त्याचे परिणाम एका पिढीचे आयुष्य व्यापतात, आणि इतिहासाचे खरे काम तिथे सुरू होते.

३/ दर २६ नोव्हेंबरला काय घडते ते आठवून पाहा. चौकात फलक, मेणबत्त्या, देशभक्तिपर गीते, हुतात्म्यांच्या प्रतिमांना हार, शेवटी पाहुण्यांचे भाषण. हुतात्म्यांना वंदन व्हायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत असताना पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतल्या एकाचे तरी नाव तुम्ही अशा भाषणात ऐकले आहे काय?

४/ भाषण आणि व्याख्यान यांत फरक आहे. श्रोत्यांनी काय वाटून घ्यावे हे भाषण ठरवून देते. व्याख्यान पुरावा समोर ठेवते आणि शेवटी प्रश्नांना सामोरे जाते. ही परंपरा आपल्याला परकी नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. परकीय सत्तेखाली जे करण्याचे धैर्य आपल्या पूर्वजांनी दाखवले, ते स्वतंत्र देशात स्मारकापुढे उभे राहून आपल्याला का जमू नये?

५/ 'परिणाम' हा शब्द उल्हासनगरला शिकवण्याची गरज नाही. फाळणीनंतर सिंधमधून उखडले गेलेले हजारो लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, बराकींत येऊन राहिले. १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर ३', 'कॅम्प नंबर ४' असेच सांगतो. छावणी उठून पाऊण शतक झाले, पत्त्यातून ती गेलेली नाही. हिंसेचा परिणाम किती काळ टिकतो याचा याहून जिवंत दाखला कुठे शोधणार?

६/ अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा शिलालेख आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवा. बदलापुरात घोडे बदलले जात म्हणून बदलापूर, ही आख्यायिकाही आपल्याला तोंडपाठ आहे. पण ज्या मार्गावरून आपण रोज जातो त्याच मार्गावरच्या २००३ च्या घटनेचा खटला कुठे चालला, निकाल केव्हा लागला, हे इतिहासप्रेमींच्या किती गटांत कुणी विचारले? जुने ते इतिहास आणि अलीकडचे ते राजकारण, ही वाटणी आपल्या सोयीची आहे. तिला दुसरा आधार नाही.

७/ तर आता निकाल. मुंबई सेंट्रल (६ डिसेंबर २००२), विलेपार्ले (२७ जानेवारी २००३) आणि मुलुंड या तिन्ही स्फोटांचा खटला पोटा कायद्याखालील विशेष न्यायालयात एकत्र चालला. २०१६ मध्ये १३ पैकी १० आरोपी दोषी ठरले, तिघे सुटले. म्हणजे पहिल्या न्यायालयाचा निकाल यायलाच १३ वर्षे लागली. ज्या पोटा कायद्याखाली खटला भरला, तो कायदाच २००४ मध्ये रद्द झाला होता. कायदा गेला, खटला उरला. हे कसे घडते, हा एका व्याख्यानाचा विषय आहे.

८/ त्याच साखळीतली आणखी एक घटना. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात ख्वाजा युनूस या परभणीच्या तरुण अभियंत्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये तो कोठडीतून पळाल्याचे पोलिसांनी सांगितले. कोठडीतच त्याचा मृत्यू झाल्याचा निष्कर्ष पुढे सीआयडीच्या तपासातून निघाला. खटल्यातील आरोपींना २००५ मध्ये न्यायालयाने निर्दोष सोडले. मग बसमधल्या मृतांना न्याय मिळाला काय? नाही. आणि परभणीच्या त्या आईला? तिलाही नाही. दोन्ही वाक्ये एकाच व्यासपीठावरून उच्चारता आली पाहिजेत.

९/ ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांच्या प्रथम वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले : पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांपैकी एकाचा २०२१ मध्येच बंदिवासात मृत्यू झाला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. या निकालाचा पूर्वदाखला म्हणून आधार घेऊ नये असा अंतरिम आदेश झाला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले गेले नाही.

१०/ बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला. सातही आरोपी निर्दोष. मालेगावच्याच २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले होते. आता स्वतःला एक प्रश्न विचारा : २०२५ च्या त्या दोन निकालांपैकी कोणता ऐकून तुम्हाला संताप आला आणि कोणता ऐकून समाधान वाटले? समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंनी एकेक निकाल वाटून घेतला. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्या पदरी दोन्हींकडून एकच उत्तर पडले : कुणी मारले ते सिद्ध झाले नाही.

११/ माझ्या रागाचे कारण हे आहे. आरोपीचा धर्म पाहून ज्याला न्याय झाला की अन्याय हे आधीच कळते, त्याला मृतांविषयी आस्था आहे असे मी मानत नाही. निर्दोष सुटका म्हणजे तपासयंत्रणेचे अपयश असू शकते, किंवा निरपराध माणसाच्या आयुष्याची वीस वर्षे गिळली गेल्याची कबुली असू शकते. यांतले काय खरे, हे निकालपत्र वाचल्याशिवाय कळत नाही. निकालपत्रे वाचायला कुणाला सवड नाही. घोषणा द्यायला सगळ्यांना आहे.

१२/ परिणामांत पैशाचाही हिशेब येतो. रेल्वे कायदा १९८९ मध्ये १९९४ साली कलम १२४-अ घालण्यात आले. त्यानुसार गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात दहशतवादी कृत्यात प्रवाशाचा मृत्यू झाला तर, रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. २००३ मध्ये मृत्यूसाठीची ती रक्कम ४ लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख झाली. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. रोज पास काढून प्रवास करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? शौर्यगीत म्हणणाऱ्या कार्यक्रमात हे कुणी सांगत नाही, कारण त्यात टाळ्यांची जागा नाही.

१३/ 'कारणे सांगणे म्हणजे समर्थन करणे' असा आक्षेप येईल. ६ डिसेंबर २००२ हा बाबरी मशीद पाडल्याचा दहावा स्मृतिदिन होता. १३ मार्च २००३ च्या आदल्या दिवशी १९९३ च्या बॉम्बस्फोटांना दहा वर्षे झाली होती. त्या स्फोटांत २५७ माणसे मेली, १०० आरोपी दोषी ठरले. त्याआधीच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसे मेली. तिथल्या शिक्षा बोटांवर मोजण्याइतक्या. हे सांगितल्याने लोकलमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्याचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही. पण हे न सांगता दिलेले व्याख्यान अर्धवट राहते, आणि अर्धवट इतिहास पुढच्या सूडाला दारूगोळा पुरवतो.

१४/ न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर स्मारकावर २,९८३ नावे कोरली आहेत. त्यांत १९९३ च्या तिथल्याच बॉम्बस्फोटातील सहा नावेही आहेत. शेजारच्या संग्रहालयात दहशतवाद आणि त्याचे परिणाम यांवर जाहीर व्याख्याने होतात. प्रत्येक माणसाचे नाव, आणि नावापाशी थांबून न राहता चर्चा, एवढे त्यांच्याकडून घ्यावे. पण मुलुंडच्या स्फोटानंतर अवघ्या आठवड्याभरात, २० मार्च २००३ रोजी, इराकवर हल्ला सुरू झाला, हेही विसरू नये. एका शहराच्या शोकाचे भांडवल करून ११ सप्टेंबरशी संबंध नसलेल्या देशावर युद्ध लादता येते. स्मारकाने आपल्याच सरकारला प्रश्न विचारू दिला नाही, तर शोक असा वापरला जातो.

१५/ 'जखमेवरची खपली कशाला काढायची?' हा दुसरा आक्षेप. खपली कुणाची? ज्यांचे कुणी गेले, किंवा ज्यांना अधू होऊन जगावे लागले, त्यांनी हा आक्षेप घेतला तर मान खाली घालून ऐकेन. बाकीच्यांची जखमच नाही. आणि 'तरुण येत नाहीत' हा तिसरा. तीच ती भाषणे ऐकायला तरुणांनी का यावे? गडकिल्ल्यांवरच्या तीन तासांच्या ध्वनिफिती ऐकणारी आपली पिढी निकालपत्राचा उलगडाही ऐकेल, सांगणाऱ्याने अभ्यास केलेला असेल तर.

१६/ म्हणून प्रस्ताव मांडतो. दर वर्षी १३ मार्चच्या आठवड्यात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे आळीपाळीने चार व्याख्याने व्हावीत. पहिले : त्या रात्रीचे मुलुंड स्थानक, रुग्णालये आणि मदतकार्य. दुसरे : टाडा, पोटा, मकोका, यूएपीए, म्हणजे विशेष कायद्यांनी काय साधले आणि काय बिघडवले. तिसरे : सुटलेले आणि अडकलेले, म्हणजे २००६ आणि २००८ च्या खटल्यांची निकालपत्रे शेजारी-शेजारी ठेवून. चौथे : भरपाई, अपंगत्व, मागे राहिलेली घरे. सुरुवात मृतांच्या नावांनी व्हावी. निवडणूक लढवणाऱ्या कुणालाही व्यासपीठ नको. त्यांनी समोर बसून ऐकावे. आणि शेवटचा अर्धा तास फक्त प्रश्नांचा.

१७/ तोवर एक काम तुमच्यावर सोपवतो. महिलांच्या डब्यातले जुने ग्रुप अजून आहेत. डब्यात हळदीकुंकू करणाऱ्या, भिशी चालवणाऱ्या, भाजी निवडत घरी येणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या बायकांना २००३ चा तो आठवडा आठवतो : दुसऱ्या दिवशी कोण गाडीत चढले, कोण चढले नाही, घरच्यांनी नोकरी सोडायला कुणाला सांगितले. त्यांना भेटा. आधी परवानगी घ्या, नको म्हणाल्या तर नमस्कार करून परत या. बोलल्या तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि त्यांच्या संमतीशिवाय एकही नाव कुठे टाकू नका. कुठल्याही निकालपत्रात हे सापडणार नाही, आणि सांगणाऱ्या फार वर्षे थांबणार नाहीत.