‘बोगदा येतोय हं, फोन कट होईल!’

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत सोडते आणि डब्यात ठिकठिकाणी एकच वाक्य ऐकू येऊ लागते, ‘‘बोगदा येतोय हं, फोन कट होईल!’’ कोणी डॉक्टरांनी काय सांगितले ते घरी कळवीत असते, कोणी लग्नाची यादी पुरी करीत असते. बोलणे तुटते आणि माणसे मुकाट्याने कर्जतला घेतलेल्या वड्याकडे वळतात. डोंगराच्या पोटात लहरी शिरत नाहीत, हे आपण समजून घेतले आहे. परंतु बोगदा सरला, उजेड आला, समोर मनोराही दिसतो आहे आणि तरी फोन तुटला, तर दोष कोणाचा? हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. बिचाऱ्या बोगद्यावर खापर फोडून मोकळे होतो.

मोबाईलची सारी करामत मनोऱ्यांत आहे, असे आपल्याला वाटते. खरी करामत आहे ती एका मनोऱ्याने आपले बोलणे दुसऱ्याच्या हवाली करण्यात. प्रदेशाचे लहानलहान तुकडे पाडावेत, प्रत्येकाला आपला मनोरा द्यावा आणि त्याच त्या लहरी दूरच्या तुकड्यात पुन्हा वापराव्यात, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली कागदावर आली. या तुकड्यांना ‘सेल’ म्हणतात. पण माणूस एका जागी थांबत नाही. चालू संभाषण एका सेलमधून दुसऱ्यात कसे न्यायचे, याची व्यवस्था त्याच संस्थेतील एमॉस जोएल यांनी बांधली आणि १९७२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिलाच ‘हॅण्डओव्हर’ म्हणतात.

रेल्वेच्या एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याखेरीज मागचे स्टेशन गाडी सोडीत नाही. इथेही तसेच चालते. आपला फोन बोलता बोलता आजूबाजूच्या मनोऱ्यांची ताकद मोजीत असतो. भारतात १९९५ साली जी जीएसएम पद्धत आली, तिच्यात तो सहा बलवान शेजाऱ्यांचा अहवाल सेकंदाला साधारण दोनदा पाठवितो. निर्णय मात्र फोनचा नसतो, जाळ्याचा असतो. पुढच्या सेलकडे जागा आहे का, हे विचारून, होकार आल्यावरच संभाषण सोपविले जाते.

यासाठी प्रत्येक सेलला आपले शेजारी ठाऊक असावे लागतात. त्यांची यादी असते आणि बरेचसे घोळ या यादीतच असतात. नवा मनोरा उभा राहिला, पण जुन्यांच्या यादीत त्याचे नाव चढलेच नाही, तर फोन त्याच्या पायथ्याशी असूनही मागच्या क्षीण मनोऱ्याला लोंबकळत राहतो आणि अखेर तुटतो. यादी बरोबर असली तरी वेळ चुकते. उशीर झाला तर बोलणे गेले. फार घाई केली तर दोन मनोऱ्यांमध्ये येरझाऱ्या सुरू होतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी! घाटात तर गाडी दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात काही सेकंदच असते. तेवढ्यात मोजायचे, विचारायचे आणि सोपवायचेही.

आता या व्यवस्थेचे घरच बदलते आहे. पूर्वी प्रत्येक मनोऱ्याच्या पायथ्याशी त्याची स्वतंत्र यंत्रपेटी असे. नव्या ‘आभासी’ जाळ्यात ते काम सॉफ्टवेअरकडे जाते आणि ते सॉफ्टवेअर दूरच्या एखाद्या खोलीत, साध्या सर्व्हरवर, अनेक सेलचा कारभार एकत्र पाहते. जपानमध्ये राकुतेन कंपनीने २०२० साली असे जाळे देशभरच्या ग्राहकांसाठी सुरू केले. याचा लाभ उघड आहे. दोन शेजारी एकाच छताखाली आले की निरोपानिरोपी कमी होते, गर्दी कुठे वाढते आहे ते एकत्र दिसते, यादीतली चूक लवकर सापडू शकते.

पण एका छताखाली आलेल्या संसाराची दुसरी बाजूही असते. पेटी बिघडली तर एक मनोरा मुका होई. खोलीत चूक झाली तर तालुका मुका होऊ शकतो. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या जाळ्यात एका उपकरणाची मांडणी चुकली आणि बारा तासांहून अधिक काळ सेवा कोलमडली. आणीबाणीच्या क्रमांकाचे २५ हजारांहून अधिक फोन लागलेच नाहीत. तो दोष आभासीपणाचा होता असे नव्हे, पण मध्यवर्ती जागेतली लहानशी चूक किती दूर पोहोचते, ते त्यातून दिसले. शिवाय अॅण्टेना एकाचा, सॉफ्टवेअर दुसऱ्याचे, सर्व्हर तिसऱ्याचा, अशी वाटणी झाली की फोन तुटल्यावर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवणार.

आपल्याकडे ही जबाबदारी आधीच कोणाची नाही. तुटलेल्या फोनामागे एक रुपया भरपाई द्यावी, हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा २०१५ चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. पुढे २०१७ मध्ये प्राधिकरणाने संपूर्ण परिमंडळाची सरासरी पाहणे सोडले, कारण चांगल्या मनोऱ्यांच्या आड वाईट लपत होते. तरी नव्या कसोटीतही नव्वद टक्के सेल, नव्वद टक्के दिवस नीट चालले की पुरे होते. उरलेल्या दहांत नेमका घाट बसला, तर प्रवाशाने कोणाला विचारायचे?

२०२४ च्या नियमांनी कंपन्यांना सेवेचे नकाशे प्रसिद्ध करायला लावले, ही गोष्ट चांगलीच. मात्र नकाशा सांगतो की इथे लहरी पोहोचतात. दोन रंगीत ठिपक्यांच्या शिवेवर किती संभाषणे सोपविताना पडली, हे तो सांगत नाही. तो हिशेब कंपन्यांच्या संगणकात असतो आणि नव्या जाळ्यात तर तो एकाच जागी, आयता जमणार आहे. तेव्हा ‘गोळा करणे अवघड’ ही सबब उरत नाही. प्राधिकरणाने तो रस्त्यारस्त्याचा, लोहमार्गाच्या टप्प्याटप्प्याचा मागवावा आणि लोकांपुढे ठेवावा. सुरुवात कर्जत ते लोणावळा या २८ किलोमीटरांपासून केली तरी चालेल.