चेहरा झाकायचा की दाखवायचा, हे ठरवणार कोण?

मैत्रिणींनो, नसरीन मोहमदी यांची चित्रं तुम्ही पाहिली आहेत का? कागदावर शाईनं आणि पेन्सिलीनं ओढलेल्या बारीक रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या चौकटी. त्यात माणूस नाही, घर नाही, बाईचा चेहरा तर नाहीच. 1937 साली कराचीत जन्मलेल्या नसरीन 1972 पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होत्या. 1990 साली अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. आपल्या बहुतेक चित्रांना त्यांनी नाव दिलं नाही, तारीखही घातली नाही.

अशा अमूर्त चित्रांचा आपल्या प्रश्नांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. मला तो फार जवळचा वाटतो. बाई म्हटली की तिचं रूप, ही आपली सवय. दिसण्याची ही सक्ती त्या चित्रांत नाही, आणि न दिसणं ही तिथे चित्रकर्तीची स्वतःची निवड आहे.

आज चौकटी आपल्या फोनवरही आहेत. अत्याचाराच्या बातमीत बाईचा चेहरा चौकोनांनी पुसट केलेला असतो. ते आवश्यकच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 72 पीडितेची ओळख उघड करायला मनाई करतं. पण तिनं स्वतः लेखी संमती दिली तर नाव छापता येतं, हेही त्याच कलमात आहे. हे तिला कोण सांगतं? समुपदेशनाला येणाऱ्या मुलींना घरून एकच सल्ला मिळालेला असतो : फोटो काढून टाक, अकाउंट बंद कर.

जुलै 2021 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2022 मध्ये मुस्लिम बायकांचे फोटो त्यांना न विचारता उचलून अ‍ॅपवर त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मांडणारे मात्र खोट्या नावांआड लपलेले! म्हणजे अनामिक राहण्याची सोय हल्ला करणाऱ्यांना, आणि तोंड लपवण्याचा उपदेश बायकांना. तरीही त्यातल्या काहीजणींनी पुढे येऊन स्वतःच्या नावानं तक्रारी नोंदवल्या.

2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हा हक्क बाईला घरात कोंडण्यासाठी वापरला जाता कामा नये. किती दिसायचं, कुणाला दिसायचं, हे तिनं ठरवायचं. म्हणून अशी मुलगी आली, की सल्ला देण्याआधी तिला विचारूया. तिला चेहरा झाकायचा असेल तर तिची ओळख जपू. नावानिशी लढायचं असेल तर तिच्या शेजारी उभ्या राहू.